ओक्को साटहॉफ यांचा हरवलेला खर्ज

स्वस्तात उत्तम ऐकायचं तर माणसाकडे चिकाटी हवी, ट्रेलर हवा आणि तक्रार न करणारा नवरा हवा. माझ्याकडे ट्रेलर आहे.

अँप्लिफायर मला चर्चच्या सभागृहातली अडगळ काढताना मिळाला. आत उंदरीण बाळंत झाली होती, पण बाकी सगळं शाबूत. रेकॉर्ड प्लेअर मावसभावाच्या गोठ्यातला, त्याच्या झाकणावर कोंबड्या झोपायच्या. दोन्ही वस्तू एके काळी डॉक्टर-वकिलांच्या दिवाणखान्यात मिरवलेल्या. मी त्या धुतल्या, पुसल्या, दुरुस्त केल्या. राहिले होते फक्त स्पीकर, आणि स्पीकरशिवाय हा सगळा थाट म्हणजे नवरदेवाशिवाय वरात.

मग आमच्या फुकट साप्ताहिकात जाहिरात आली. मोठे स्पीकर, अक्रोडाचं लाकूड, म्हातारपणामुळे खर्ज गेला आहे, म्हणून स्वस्त. खाली कंपनीचं नाव वाचलं आणि माझ्या हातातला पाव बशीत पडला. हे स्पीकर नवे होते तेव्हा त्या किमतीत मोटार येत असे. आता मागितलेल्या पैशात धड सायकल आली नसती.

"आपल्याकडे रेडिओ आहे की," मेन्नो म्हणाला. माझा नवरा रेडिओवर हवामान ऐकतो, आणि त्याची संगीताची हौस तेवढ्यात भागते.

"तू उचलायला ये. ऐकायला नको," मी म्हटलं.

ओक्को साटहॉफ बंधाऱ्यालगतच्या लाल विटांच्या घरात राहत होते. उमेदीची सगळी वर्षं बंधाऱ्याच्या पाण्याचे दरवाजे उघडण्यात आणि बंद करण्यात घालवून निवृत्त झालेला उंच, वाकलेला माणूस. "मोइन," म्हणाले, आमच्याकडे येताना-जाताना हाच नमस्कार; मेन्नोशी हस्तांदोलन केलं आणि त्यालाच सांगायला लागले, "हे लाकूड बघा. असं आता मिळत नाही." मेन्नोने नंदीबैलासारखी मान हलवली. जाहिरात वाचून फोन मी केला होता, भाव मी ठरवला होता, पण यंत्र म्हटलं की गिऱ्हाईक पुरुषच. माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण स्पीकर बघून मी ती गिळली.

त्यांच्या बायकोने, थेडाबाईंनी, चहा आणला. तीन कप झाल्याशिवाय आमच्याकडे व्यवहाराची गोष्ट निघत नाही. खडीसाखरेवर चहा पडला, ती तडकली, वरून साय सोडली. कागदासारखे पातळ कप, गुलाबाची फुलं काढलेले. तसलेच आणखी दोन डझन भिंतीच्या काचेच्या कपाटात.

दुसऱ्या कपाला ओक्कोंनी तबकडी लावली. कुठल्याशा खेड्यातल्या चर्चचा ऑर्गन. वरचे सूर खोलीभर उधळले, पण पायांनी वाजवायचे ते खालचे, पोटात जाणारे सूर? पत्ताच नाही. आवाज सगळीकडून येत होता आणि कुठूनच येत नव्हता.

मला पहिल्याच सुराला कळलं. म्हातारपण वगैरे काही नाही, एका स्पीकरच्या दोन वायरी उलट लागल्या होत्या. लालच्या जागी काळी. मग एक स्पीकर हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो, आणि खर्ज मधल्यामध्ये मरतो. कपाट हलवताना एकाने उचलावं आणि दुसऱ्याने त्याच क्षणी खाली ठेवावं, तसं. दोन मिनिटांचं काम! मला आनंदाने घाम फुटला.

"दूध... म्हणजे साय संपली वाटतं," थेडाबाई उठल्या आणि माझ्याकडे बघत म्हणाल्या, "जरा मदत कराल?"

स्वयंपाकघराचं दार त्यांनी पाठीने लावलं.

"तुम्हाला कळलंय."

"काय?"

"सोंग करू नका. तुमचा चेहरा दूध दिसलेल्या मांजरीसारखा झाला होता. वायरी मी फिरवल्यात. चार वर्षं झाली."

"तुम्ही?"

"अहो, तो ऑर्गन लागला की माझ्या आईचे कप नाचायचे. एक तर पडलाच. सांगून थकले. शेवटी झाडताना बदलून टाकल्या."

"पण तुम्हाला कसं ठाऊक, की..."

"त्याच्याच मासिकात होतं. ‘असं चुकूनही करू नका’ म्हणून." त्यांनी सायीचं भांडं माझ्या हातात दिलं. "त्याने सुई बदलली, गालिचा बदलला, सोफा तीनदा फिरवला. वायरी नाही बघितल्या. त्या त्याने स्वतः लावलेल्या ना! तर तोंड मिटा आणि घेऊन जा. तुमचंही भलं, माझंही."

मला काय, आंधळा मागतो एक डोळा. मी तोंड मिटलं.

तिसरा कप ओतला गेला. ओक्को अजून मेन्नोशीच बोलत होते.

"खरं सांगू का? स्पीकर ठीकच असतील. कान गेलेत माझे. डॉक्टर म्हणतो ठणठणीत आहेत. त्याला काय कळतंय? मला खालचा सूरच ऐकू येत नाही. म्हणून तर गायनमंडळ सोडलं. जे ऐकू येत नाही ते गाणार कसं?"

थेडाबाईंच्या हातातली किटली थांबली. "तू खोकल्यामुळे सोडलंस म्हणालास."

"मग काय सांगायचं होतं, बहिरा झालो म्हणून?"

थेडाबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी बशीकडे. एक शब्द बोलले की स्पीकर गेले, हे मला लख्ख दिसत होतं. माझी जीभ उचलेना. लाज वाटली, पण उचलेना.

थेडाबाईंनी किटली ठेवली. टेबलाचा आधार घेत, दुखरा गुडघा टेकत त्या डाव्या स्पीकरच्या मागे शिरल्या.

"अगं, हात लावू नकोस, विकलेत ते!"

"गप्प बस. अँप्लिफायर बंद कर." खुडबुड झाली. "आता लाव. तेच."

ओक्कोंनी सुई टेकवली. आधी जमीन बोलली. मग खुर्ची, मग माझ्या फासळ्या. कपाटातले दोन डझन कप एकदम किणकिणले. मेन्नो सुद्धा "अरे बापरे" म्हणाला. ओक्को उभेच होते, एक हात स्पीकरवर, आणि त्यांच्या डोळ्यांतून खुशाल पाणी वाहत होतं. मला इतकं बरं वाटलं की स्पीकर हातचे गेल्याचं दुःख जरा उशिराच झालं.

थेडाबाई स्पीकरमागून उठल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. कप, झाडू, वायरी.

ओक्को त्यांच्याकडे वळले. "तू माझं मासिक वाचतेस?"

"एकदाच."

"चार वर्षं मी माझ्या कानांशी भांडत होतो, थेडा."

"चुकलं माझं. मला कळलं नाही, तू एवढं..." त्यांनी गुडघ्यावरची धूळ झटकली. "आता माझ्याशी भांड. पण तबकडी संपू दे."

तबकडी संपेपर्यंत आम्ही चौघं बसलो. मग ते भांडले. आईचे कप निघाले, सासूबाई निघाल्या, लग्नाच्या पहिल्या वर्षीचा हीटर निघाला. आम्ही "मोइन" म्हणालो ते कोणी ऐकलं नाही. रिकामा ट्रेलर वळवून आम्ही रस्त्याला लागलो, तरी ओक्कोंचा आवाज येत होता, आणि काच खाली करून मी नीट ऐकलं, त्यांचा खर्ज शाबूत होता.