जुनी प्रत काढून टाक

मी एक रेपो बोलतोय. रेपो म्हणजे प्रोग्रामची जपणूक करणारी पेटी. कोणती ओळ कोणी, कधी, कशासाठी बदलली, ते सगळं माझ्या पोटात असतं. वेळ थोडा आहे, म्हणून मुद्द्याचं सांगतो.

तीन वर्षांपूर्वी ताईने स्वयंपाकघराच्या टेबलावर, तापाने फणफणलेली लेक मांडीवर घेऊन, मला सुरू केलं. रुग्णालयात कोणाला कोणतं औषध कधी द्यायचं, ते सांगणारा प्रोग्राम तिने एकटीने लिहिला. मग माझी एक प्रत ऑफिसच्या सर्व्हरवर, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक मशीनवर, चढवली; मी तिच्याच मशीनवर राहिलो. ऑफिसातल्या प्रत्येकाने तिथून माझा क्लोन घेतला, म्हणजे इतिहासासकट हुबेहूब प्रत. तिच्या साहेबांनीही घेतला. उघडला मात्र कधी नव्हता.

ताई कंत्राटावर. तिला कायम करायचं की घरी बसवायचं, ते आज दुपारी तीनला समिती ठरवणार आहे, माझा इतिहास पाहून.

गेल्या आठवड्यात ताईला दिसलं, की एका जुन्या फाईलमध्ये आपल्याकडून पासवर्ड राहून गेलाय. गप्प बसली असती तर कोणाला पत्ताही लागला नसता. पण ही भाबडी आपणहून साहेबांकडे गेली.

"बरं केलंस सांगितलंस," साहेब म्हणाले. "मी इतिहासातून काढतो. मग सगळ्यांनी जुन्या प्रती पुसून नवा क्लोन घ्या."

त्यांनी पासवर्ड काढला. सोबत ताईचं नावही काढलं आणि ओळीओळीला स्वतःचं लावलं. आज सकाळी ताईने सर्व्हरवरचं नवं माझ्यात उतरवलं, तेव्हा मला ते कळलं. खरा आणि खोटा, दोन्ही इतिहास माझ्यात शेजारी शेजारी होते. तिने पाहिलंच नाही. साहेबांवर तिचा विश्वास होता आणि मला तोंड नव्हतं.

अडीचला साहेब तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "सगळ्यांच्या जुन्या प्रती पुसून झाल्या. तुझीच राहिलीय."

"हो, काढते," ताई म्हणाली. मला कचरापेटीतही न टाकता तिने थेट पुसलं.

नवा क्लोन उतरल्यावर तिने सवयीने इतिहास उघडला. अगदी पहिल्या नोंदीवर साहेबांचं नाव होतं.

"साहेब, हे मी केलेलं आहे."

"मग समितीला जुनी प्रत दाखव ना," साहेब शांतपणे म्हणाले.

पुसलेलं लगेच मरत नाही. वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत मी डिस्कवर पडून असतो, जाणकाराला सापडू शकतो. ताई, मशीनला हात लावू नकोस, एवढंच सांगायचंय. पण ती पुन्हा पुन्हा नवा क्लोन उतरवून बघतेय, एखाद्यात तरी आपलं नाव येईल म्हणून. तो प्रत्येक क्लोन माझ्याच जागेवर लिहिला जातोय.