खोकल्याचा मान

बोईसरला नवापूर रस्त्याच्या मागे एक बैठी चाळ आहे. तिथं भगवंतरावांच्या खोकल्याला मान होता. सकाळी साडेसहाला तो सुरू झाला की शेजारच्या खोलीत राहणारी, कारखान्यात जाणारी पोरं "चाचा उठ गये" म्हणत अंथरुणं गुंडाळायची. कोपऱ्यावरचा वाणी न मागता खडीसाखरेची पुडी पुढं सरकवायचा. भगवंतरावांना त्याचं वाईट वाटत नसे. खरं सांगायचं तर बरंच वाटे.

ते मूळचे खटाव तालुक्यातले. तिशीत तारापूरच्या एका रंगाच्या कारखान्यात लागले आणि सव्वीस वर्षं तिथंच राहिले. कधी निळे होऊन घरी यायचे, कधी तांबडे. चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि त्याच वर्षी हा खोकला मागे लागला. कोरडा, घशात कुसळ अडकल्यासारखा. कुणी विचारलं, "कारखान्याचा का हो?" तर ते उत्तर देत नसत. नुसती मान हलवत आणि छातीवर हात ठेवत. ऐकणारा हळहळायचा.

घरही त्या खोकल्याभोवतीच मांडलेलं होतं. खिडकीजवळची खुर्ची त्यांची. उशाला दोन उशा, शेजारी कोमट पाण्याचा तांब्या, वाटीत ज्येष्ठमधाच्या काड्या. हे सगळं बघायला बायको इंदुबाई होत्या. त्या साड्यांना फॉल-पिको करून द्यायच्या आणि शिलाई मशीनवरून उठून तांब्या भरायच्या. मुलगी उत्कर्षा मनोरला दिलेली. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "बाबा, खोकला कसा आहे?"

गणपती उठले आणि इंदुबाई खोकताना ऐकू यायला लागल्या.

पहिले काही दिवस भगवंतरावांनी लक्षच दिलं नाही. मग एकदा त्यांची स्वतःची उबळ थांबली आणि लगेच स्वयंपाकघरातून तिची सुरू झाली. ते चिडून म्हणाले, "माझी नक्कल करतेस का गं?"

"नक्कल कशाला करू?" इंदुबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या. "घसा धरलाय जरा."

"मशीनवर बसून कुणाला खोकला होतो का? रंगात सव्वीस वर्षं काढली मी."

इंदुबाई जाऊन मशीनवर बसल्या. पण चाळीला तो खोकला ऐकू गेला होता. दोन दिवसांनी शेजारीण अडुळशाचा काढा घेऊन दारात आली. भगवंतरावांनी सवयीनं हात पुढं केला, तर तिनं पेला मागे घेतला.

"काका, हा काकूंसाठी आणलाय. फार खराब झाल्यात हो त्या."

भगवंतरावांचा हात तसाच हवेत राहिला. चार वर्षांत या बाईनं त्यांच्यासाठी कधी आल्याचा तुकडा आणला नव्हता. त्या दिवशी जेवताना त्यांनी आमटी अळणी आहे म्हणून ताट सरकवलं. आमटी अळणी नव्हती.

संध्याकाळी फोन वाजला.

"बाबा, आईला द्या. खोकतेय म्हणे ती?"

"तुला कुणी सांगितलं?"

"शेजारच्या वहिनींनी. द्या ना तिला."

त्यांनी फोन दिला आणि तिथंच उभं राहून खोकायला लागले. आधी खरी उबळ आली, मग त्यांनी त्यात थोडी भर घातली. फोनमधून उत्कर्षाचा आवाज आला, "आई, बाबांना जरा लांब जाऊन खोकायला सांग. मला तुझं काहीच ऐकू येत नाहीये."

ते बाहेर ओट्यावर जाऊन बसले. संध्याकाळच्या वाऱ्याबरोबर कारखान्यांकडचा तो आंबूस, घशाला चावणारा वास येत होता. एवढा वास आयुष्यभर आपण छातीत भरला आणि पोरगी विचारते कुणाला!

रविवारी उत्कर्षा मनोरहून आली. आल्या आल्या तिनं आईच्या कपाळावर हात ठेवला, पाठीवरून फिरवला आणि तिथंच थांबली. इंदुबाईंनी ब्लाउज दोन्ही बाजूंनी आत घेऊन शिवला होता, तरी तो खांद्यावर सैल होता.

"आई, किती दिवस झाले?"

"होईल महिना. संध्याकाळी जरा कणकण वाटते, एवढंच. आणि दम घेतला की या बरगडीत टोचतं. मशीनवर वाकून असेल."

उत्कर्षानं भगवंतरावांच्या दोन उशांमधली एक उचलली आणि आईच्या पाठीशी लावली. त्यांना विचारलंही नाही. "उद्या पालघरला सरकारी दवाखान्यात जायचं," ती म्हणाली. "दोन आठवड्यांवर खोकला गेला की थुंकी तपासायचीच असते."

"मग मीही येणार," भगवंतराव म्हणाले. "माझा चार वर्षांचा आहे. आधी जुन्याचं बघायला नको?"

दुसऱ्या दिवशी तिघं एसटीनं निघाले. वाटेतली उमरोळी मागे पडेपर्यंत भगवंतराव मनातल्या मनात आपली हकीकत जुळवत होते. कुठल्या साली कुठल्या रंगाचं पिंप फुटलं, कुठल्या पावसाळ्यात मास्कशिवाय काम केलं, सगळं. शेजारी इंदुबाई खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून बसल्या होत्या.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. भगवंतरावांनी स्टूल ओढलं आणि सुरुवात केली. बाईंनी बराच वेळ ऐकून घेतलं. मग त्यांची नजर मागे उभ्या असलेल्या इंदुबाईंकडे गेली. इंदुबाईंनी खोकून झाल्यावर हात रुमालाला पुसला होता.

"काकू, तुम्ही बसा बरं. काका, जरा उठता का?"

उठावं लागलं. बाईंनी इंदुबाईंना चारच प्रश्न विचारले. ताप येतो का, घाम येतो का, वजन किती उतरलं, कफात रक्त दिसलं का. शेवटच्या प्रश्नाला इंदुबाईंनी खाली बघितलं आणि म्हणाल्या, "एकदाच. सुतासारखं." उत्कर्षाच्या हातातली पिशवी खाली पडली. भगवंतरावांनाही धस्स झालं. पण त्याच्या मागोमाग दुसरा एक विचार आला. चार वर्षांत आपल्याला एकदाही रक्त पडलं नाही. हा विचार कुठून आला ते त्यांना कळेना. त्यांनी घाईघाईनं भिंतीवरचा तक्ता वाचायला घेतला.

छातीत दुखतंय म्हणून इंदुबाईंच्या हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली. ती नीट होती. दोघांच्या छातीचे फोटो झाले, थुंकीच्या डब्या दिल्या. भगवंतरावांना एका नळीत जोरात फुंकायला लावलं. ते त्यांनी जीव तोडून केलं. बाई म्हणाल्या, "कुठल्या गोळ्या घेता?"

"खोकल्याची एकही लागू पडत नाही."

"खोकल्याची नाही. बाकी कुठल्या?"

"एक ब्लडप्रेशरची. निवृत्त झालो तेव्हापासून आहे. तिचा काय संबंध?"

बाईंनी गोळ्यांचं पाकीट बघितलं आणि कागदावर काहीतरी लिहून ठेवलं.

चार दिवसांनी निकाल घ्यायला गेले. बाईंनी दोन्ही फोटो उजेडाच्या काचेवर लावले. इंदुबाईंच्या फोटोत डावीकडे, वरच्या अंगाला, कापसाचा बोळा ठेवावा तसा पांढरा डाग होता. "काकूंना क्षय आहे, फुप्फुसाचा," त्या सरळ म्हणाल्या. "घाबरायचं नाही. गोळ्या इथून फुकट मिळतील. सहा महिने, एकही दिवस न चुकवता घ्यायच्या. बऱ्या होतील. पण उशीर झालाय थोडा. आधी यायला हवं होतं."

मग दुसऱ्या फोटोकडे वळून त्या हसल्या. "काका, तुमचा फोटो छान आहे. फुंकणंही वयाच्या मानानं उत्तम. तुमचा खोकला या प्रेशरच्या गोळीचा आहे. काही जणांना होतो तसा. गोळी बदलून देते. महिनाभरात जाईल."

"नीट बघा," भगवंतराव म्हणाले.

"बघितलं, काका."

"अहो, सव्वीस वर्षं रंगात काढली मी. काहीच कसं नाही?"

उत्कर्षानं वळून बापाकडे बघितलं. त्यांनी नव्या गोळीची चिठ्ठी खिशात घातली. येताना बसमध्ये ते एकटेच मागच्या बाकावर बसले. पुढच्या बाकावर उत्कर्षानं आईचा हात धरून ठेवला होता. एका गोळीनं चार वर्षं आपल्याला फसवलं होतं. वाण्याला, चाळीला, त्या पोरांना आता काय सांगायचं? आणि हिच्या फोटोत तो डाग! त्यांना लाज वाटत होती आणि तरी हेवा जात नव्हता. दोन्ही एकाच वेळी छातीत बसली होती.

इंदुबाईंच्या गोळ्या सुरू झाल्या. घरी आरोग्यसेविका यायला लागली. रखमा तिचं नाव, जवळच्या पाम गावची राहणारी, बोलायला मोकळी. खिडक्या सताड उघडायला लावायची, पहिले काही आठवडे तोंडाला रुमाल बांधून राहा म्हणायची. "मावशी, लघवी लाल झाली तर घाबरू नका हां, गोळीचाच रंग हाय तो. आनि अंडी खावा, डाळ खावा." तिचं सगळं बोलणं मावशीशी. खिडकीजवळची खुर्ची आता मावशीला. भगवंतराव दारात उभे राहायचे.

एक दिवस ती त्यांच्याकडे वळली. "काका, तुमाला पन गोळी हाय."

त्यांचा चेहरा उजळला. "बघा! म्हटलं होतं मी. काय निघालं माझ्यात?"

"काय नाय निघालं. मावशीपासून तुमाला लागू नये म्हनून हाय ती. आठवड्यातून एकदा घ्यायची."

इंदुबाई रुमालाआड हसल्या. ते त्यांना दिसलं आणि लागलं.

नवीन गोळीनं तीन आठवड्यांत भगवंतरावांचा खोकला ओसरला. एका सकाळी त्यांना जाग आली तेव्हा साडेसात वाजले होते आणि शेजारची पोरं कामाला उशीर झाला म्हणून ओरडत होती. घसा मोकळा होता. एवढं मोकळं वाटण्याची सवयच गेली होती. त्यांना चोरी झाल्यासारखं वाटलं.

त्याच दुपारी उत्कर्षाचा फोन आला. आईशी वीस मिनिटं बोलली. बाबांचं नावही निघालं नाही. इंदुबाईंनी फोन ठेवला तेव्हा भगवंतराव खोकायला लागले. चांगले दोनदा, तीनदा, छाती धरून.

इंदुबाई शांतपणे म्हणाल्या, "खोटं खोकू नका."

"खोटं?"

"चार वर्षं ऐकलाय मी तुमचा खोकला. शेवटी एक हुंकार यायचा. आज नाही आला."

भगवंतराव ओशाळले आणि ओशाळलेला माणूस करतो तसं उसळले. "मग काय करू? सगळे तुझ्याकडेच बघतात. मी या घरात आहे की नाही? सेविका तुझी, पोरगी तुझी, काढा तुझा!"

इंदुबाईंनी रुमाल सोडून मांडीवर ठेवला. "मला गणपतीत नाही खोकला लागला. चैत्रापासून होता."

"चैत्रापासून? मग मला कसा ऐकू आला नाही?"

"तुम्हाला उबळ आली की मी त्यात खोकून घ्यायची. नाहीतर मशीन चालू करायची. एका घरात दोन खोकले म्हटल्यावर तुम्हाला त्रास झाला असता. आणि बोलले असते तर तुम्ही काय म्हणाला असता?"

त्यांना ठाऊक होतं आपण काय म्हणालो असतो. म्हणालोच होतो, नक्कल करतेस का. चैत्र ते भाद्रपद त्यांनी बोटांवर मोजले. सहा महिने. ती त्यांच्याच खोकल्याच्या आडोशाला बसून खंगत होती आणि ते ज्येष्ठमधाची काडी चघळत होते. डॉक्टरीणबाईंचं "उशीर झालाय थोडा" त्यांना आता कळलं.

ते स्वयंपाकघराकडे वळले. मग आत जाऊन दोन अंडी उकडायला ठेवली. पाणी जास्त झालं, उतू गेलं, अंडी फुटली. इंदुबाईंनी ती तशीच खाल्ली.

त्यानंतर भगवंतराव एकदम साधुसंत झाले असं नाही. अंडी, डाळ, सकाळची गोळी सगळं ते वेळेवर करायचे, पण रखमाला ते पुन्हा पुन्हा सांगायचे. "आज मुगाची खिचडी केली मी. मी केली." रखमा "बरं केलं" म्हणून मावशीचं वजन लिहून घ्यायची आणि त्यांच्या पोटात पुन्हा दुखायचं. फक्त आता ते ओट्यावर जाऊन बसत नसत. भांडी घासायला घेत.

दोन महिन्यांनी पुन्हा पालघरला तपासणी झाली. थुंकीत जंतू सापडले नाहीत. वजन तीन किलो वाढलं होतं. बाई म्हणाल्या, "फार छान, काकू. पण अजून चार महिने गोळी सोडायची नाही. बरं वाटतंय म्हणून लोक सोडतात आणि मग दुखणं उलटतं."

इंदुबाई उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या. "बाई, यांनाही जरा तपासा ना. सगळं यांनीच केलंय. एवढ्या लांब आलेत तर तेवढंच."

"छे छे, मला काय झालंय?" भगवंतराव म्हणाले. "तुम्ही हिचंच बघा." पण बोलता बोलता ते स्टुलावर बसले होते आणि सदऱ्याचं वरचं बटण सुटलेलं होतं.

बाईंनी स्टेथोस्कोप पाठीला लावला. "घ्या, मोठा श्वास."

त्यांनी घेतला. छाती भरेपर्यंत घेतला. "सोडा," बाई म्हणाल्या. "पुन्हा." दाराशी इंदुबाई पिशवी धरून उभ्या होत्या आणि त्यांच्याकडेच बघत होत्या.

"स्वच्छ," बाई म्हणाल्या.

"स्वच्छच असणार," भगवंतराव म्हणाले आणि बटण लावून बायकोच्या हातातली पिशवी घेतली.