खुर्चीवरची राख

सकाळी उजाडायच्या आत दुसऱ्या मजल्यापर्यंतच्या जिन्यावर चपलांचा असा खच पडायचा की दूधवाला पिशवी लांबूनच उंबऱ्यात टाकून पळ काढायचा. कोणी कडेवर पोर घेऊन, कोणी गुडघ्याला पट्टा बांधून, पायरी-पायरीने वर सरकत असायचं.

"ढकलू नका हो! खुर्ची कुठे पळून जात नाहीये!"

"खुर्ची नाही जात, राख जाते ना! काल मी पोचेस्तोवर गेलीसुद्धा!"

हॉलमध्ये खिडकीशी घरच्या सुनेच्या सासऱ्यांची आरामखुर्ची होती. अस्सल चामड्याची, तपकिरी, रुंद हातांची. सासरे उन्हाळ्यात गेले. थंडी सुरू झाली आणि एका सकाळी खुर्चीच्या उजव्या हातावर आणि बैठकीवर पांढरी, मऊ, बारीक राख दिसली. पुसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. मग शेजारच्या काकूंनी मौनीबाबांना आणलं.

नाव मौनी, पण तोंडाचा पट्टा असा की हा माणूस श्वास कधी घेतो, याचंच नवल वाटावं.

"चामडं म्हणजे काय? कातडी! आणि कातडी माणसाला विसरत नाही," बाबा सांगत. "वीस वर्षं जो इथे बसला, त्याची कंपनं आत मुरली. आता वर येतायत. हे शास्त्र आहे, शास्त्र! परदेशात संशोधन चाललंय यावर."

"कुठल्या देशात, बाबा?"

"सगळ्याच!"

मग हुकूम सुटायचा. "खिडक्या लावा! दार लावा! लहरी बाहेर जातील!" बाबा ताटातून खुर्चीवरची राख म्हणून पुड्या वाटायचे, चिमूटभर जिभेवर घ्यायला. तीस-चाळीस माणसं त्या एवढ्याशा खोलीत दाटीवाटीने बसायची, आणि तास उलटायच्या आत राख दिसेनाशी व्हायची. कोणी हात न लावता. चामडं पुन्हा तपकिरी, किंचित ओलसर.

"घेतली परत!" बाबा डोळे मिटून म्हणायचे. "खोलीत कोणीतरी मनात खोट ठेवून बसलंय. त्याच्यासमोर राख थांबत नाही."

सगळे एकमेकांकडे बघायचे. सून मात्र स्वयंपाकघराच्या दारात, लेकीला कडेवर घेऊन, फरशीकडे बघायची.

कारण राख कुठून आली असावी, याचा अंदाज त्या घरात फक्त तिला होता.

सासरे होते तोवर त्या खुर्चीला मुलांचं बोट लागत नसे. रोज कोरड्या फडक्याने पुसायचे, ऊन आलं की पडदा ओढायचे. ते गेल्यावर तीन वर्षांची चिमी सरळ खुर्चीवर चढली. एका दुपारी सून ऑफिसच्या फोनवर बोलत होती आणि चिमीने बॉलपेनने खुर्चीच्या हातावर मांजर काढलं. मिशांसकट. सासूबाई झोपल्या होत्या. सुनेने आधी मुलांचे ओले वाइप्स घासले. मांजर पसरलं. मग घाबरून नेलपॉलिश रिमूव्हर लावला. मांजर गेलं, आणि त्याबरोबर चामड्याचा रंगही गेला. तळहाताएवढा फिकट डाग वर आला. चिमीच्या पाठीत तिने एक धपाटा घातला, चिमी रडली, आणि मग तिलाच जवळ घेऊन ती रडली.

तेलाने चामडं गडद होतं, एवढं तिला माहीत होतं. तिने डागावर खोबरेल चोळलं. डाग लपला. दोन दिवसांनी पुन्हा फिकट दिसला, पुन्हा चोळलं. मग बैठकीवर सांडलेल्या दुधाच्या डागावरही चोळलं. पावसाळाभर ती खुर्ची चोरून तेल पीत होती.

राख दिसली त्या सकाळी सासूबाई खुर्चीपाशी खाली बसल्या आणि म्हणाल्या, "आलात का?" नवरा गेल्यापासून त्या चार शब्द धड बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी त्यांनी स्वतःहून चहा मागितला, पोळी मागितली, चिमीची वेणी घातली. सून तोंड उघडणार होती. नाही उघडलं. आईंना बरं वाटतंय तर वाटू दे, असं तिने स्वतःला सांगितलं. त्यात खरं निम्मंच होतं. उरलेलं निम्मं असं, की मामंजींची खुर्ची मी बिघडवली, हे सांगायची तिची छाती नव्हती.

पुढे एका दुपारी चिमीचे केस ड्रायरने वाळवताना गरम झोत खुर्चीच्या हातावर गेला आणि पांढरा थर डोळ्यांदेखत विरघळला. न्हाणीघरातली खोबरेलाची बाटली थंडीने पांढरीफट्ट गोठली होती, ती तिने उन्हात ठेवून बघितली. मग अंदाजाची खात्री झाली. तरी ती गप्पच. उद्या सांगू. आज घरात फार माणसं आहेत. परवा सांगू.

असं परवा-परवा करता आठवडा उलटला आणि टेलरताई वर आली.

टेलरताई म्हणजे तळमजल्यावर कपडे शिवणारी बाई. तिची सहा वर्षांची ठकी ही चिमीची जिवाभावाची मैत्रीण. ठकीला दमा होता. थंडीत तिचा पंप फ्रॉकच्या खिशातच असायचा. आज ती आईच्या खांद्यावर मान टाकून होती आणि तिच्या छातीतून बारीक शिट्टी वाजत होती. दोन बरगड्यांमधली कातडी दर श्वासाला आत ओढली जात होती.

सून गर्दीतून पुढे आली. "ताई, पंप कुठाय हिचा?"

"बंद केलाय, वहिनी. बाबा म्हणाले, राखही घ्यायची आणि पंपही ओढायचा, ही अर्धी श्रद्धा. अर्ध्या श्रद्धेला अर्धाच गुण."

"कधीपासून?"

"सोमवारपासून. आज चिमूट वाढवून देणारेत."

"ताई, आत्ता खाली जा आणि पंप आणा."

टेलरताई हलली नाही. तिने बाबांकडे बघितलं. बाबा हसले. "आईचं काळीज आहे, भिणारच. पण बाळ, औषध छातीत जातं, राख आत्म्यात जाते."

ठकीने पुन्हा श्वास ओढला. सुनेने चिमीला सासूबाईंच्या मांडीवर टेकवलं, आत गेली आणि ड्रायर घेऊन आली.

"हे काय? इथे केस वाळवणार?" कोणीतरी खिदळलं.

"बाबा, ही राख आहे ना?"

"पवित्र राख."

"राख कधी वितळते का?"

तिने बटण दाबलं. सगळ्यांच्या नाकासमोर खुर्चीच्या हातावरचा पांढरा थर आधी काचेसारखा झाला, मग तेलाचा थेंब होऊन ओघळला. तिने बोटावर घेऊन तो पुढच्या काकूंच्या नाकाशी धरला.

"अगंबाई, हे तर खोबरेल!"

"खोबरेलच. मी लावलेलं. थंडीत गोठून वर येतं, खोली तापली की वितळून आत जातं. खिडक्या लावून चाळीस माणसं बसली की खोली तापणारच. कोणाच्या मनात खोट असायची गरज नाही."

"ही बाई अपवित्र..." बाबा उठायला लागले.

"थांबा. तुम्ही वाटता त्या पुड्या याच खुर्चीच्या ना?" तिने ताटातली एक पुडी सोडून पाटावर ओतली. "मग हीसुद्धा वितळायला हवी."

ड्रायर लावला. पुडीतली राख वितळली नाही. उडाली. बाबांच्या दाढीत, भुवयांत आणि उघड्या तोंडात. बाबा खोकायला लागले आणि पहिल्यांदाच खऱ्या अर्थाने मौनी झाले.

"खुर्चीवर एवढी राख निघते कुठे? एवढ्या लोकांना पुरणार कशी?" मागून एक म्हातारा म्हणाला. "चुलीतली भरलीय रे यानं!"

"मी परीक्षा घेत होतो तुमची," बाबा कसंबसं म्हणाले.

"नापास झालात," म्हातारा म्हणाला.

टेलरताई तोवर जिन्यात पोचली होती. पंप आला. ठकीला सरळ बसवून, पाठीमागे हात धरून, सुनेने एक एक फवारा मोजून दिला. शिट्टी सावकाश उतरली. ओठांवर रंग आला. खिडक्या आता सताड उघड्या होत्या आणि जिन्यातल्या चपला झपाट्याने कमी होत होत्या.

"आता दवाखान्यात न्यायचंच," सून म्हणाली. "मी येते बरोबर."

टेलरताईने लेकीच्या तोंडावरून पदर फिरवला. "वहिनी, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

सुनेने खोटं बोलायचं ठरवलं असतं तर ते जमलं असतं. "अंदाज पहिल्या दिवसापासून होता. खात्री गेल्या आठवड्यात झाली."

"गेल्या आठवड्यात? आणि सोमवारी माझी पोर तुमच्या दारात जिभेवर राख घेत होती, तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"स्वयंपाकघराच्या दारात."

टेलरताई ठकीला उचलून एकटीच दवाखान्याकडे निघाली.

सासूबाई खुर्चीच्या त्या फिकट डागावरून बोट फिरवत होत्या. वितळलेलं तेल त्यांनी पदराने पुसून काढल्यामुळे तो आता उघडा पडला होता. सून त्यांच्यासमोर खाली बसली आणि बॉलपेनच्या मांजरापासून सगळं सांगितलं.

"आई, रागवा मला."

"रागावणारच आहे. डागासाठी नाही." सासूबाईंचा आवाज कोरडा होता. "मी रोज त्या तेलाशी बोलत होते, आणि तू ऐकत होतीस. हसत होतीस का गं?"

"नाही हो. भीत होते."

"मग आधी सांगायचंस. वेडी ठरले असते, पण एवढ्या लोकांना घेऊन नसते ठरले."

दुसऱ्या दिवशी थंडी कडक होती. मुरलेलं तेल एका दिवसात जात नाही. खुर्चीवर पुन्हा पांढरं आलं. लांबच्या गल्लीतून एक जोडपं तापाने फणफणलेलं बाळ घेऊन दारात उभं होतं. कालचं त्यांच्या कानावर गेलं नव्हतं. सून दारातच अडखळली. पुन्हा तेच सगळं, पुन्हा अनोळखी माणसांसमोर. मागून सासूबाई आल्या आणि त्यांनी तिच्या हातात ड्रायर दिला.

"आत या," त्या जोडप्याला म्हणाल्या. "माझी सून दाखवेल. आणि मग बाळाला घेऊन थेट डॉक्टरकडे जा."

सुनेने दाखवलं. बाळाच्या आईलाही ते बोटावर घेऊन चोळायला, हुंगायला लावलं. मग म्हणाली, "हे मी केलं होतं. चामडं साध्या ओलसर फडक्याने पुसायचं आणि लगेच कोरडं करायचं, आणि डाग राहिला तर राहू द्यायचा. मी घाबरून नको ते फासलं आणि वर गप्प बसले. बाबाला इथे जागा मिळाली ती माझ्या गप्प बसण्यामुळे. ताई, कळलं नाही अशा गोष्टीला हात जोडायच्या आधी हात लावून बघत जा. आणि कोणाला कळलेलं असेल, तर त्याला बोलतं करा. माझ्यासारखं कोणीतरी दारात उभं असतंच."