तीन नंबरच्या टेबलाची रेघ

खालापूरकडच्या शिळफाट्याजवळ आमचा दंतमंजनाचा कारखाना. तीन नंबरच्या टेबलावर चार बायका डबे भरायच्या: जनी, हिरू, सोनाबाई आणि माझी बायको गौरा. एका डब्यात शंभर ग्रॅम पूड. मी वजन तपासणारा. दर तासाला चौघींचा एकेक डबा उचलायचा, काट्यावर ठेवायचा, चार आकडे रजिस्टरात लिहायचे, त्यांची सरासरी काढायची आणि टेबलासमोरच्या भिंतीवरल्या आलेखाच्या कागदावर टिंब द्यायचं. कागदावर मधे शंभरची निळी रेघ. वर एकशेदोनची तांबडी, खाली अठ्ठ्याण्णवची तांबडी. टिंबं जोडत गेलं की टेबलाची रेघ होते. ती तांबड्याबाहेर गेली की साहेब मला बोलवायचे.

पहिल्या वर्षी ती खाली गेली होती. साहेबांनी सगळ्यांसमोर मला गाढव म्हटलं. घरी येऊन मी भरलं ताट भिरकावलं आणि तीन दिवस गौराशी बोललो नाही. त्यानंतर रेघ सुधारली आणि सहा वर्षं सरळ राहिली. बाकीच्या टेबलांच्या रेघा वरखाली व्हायच्या, तीन नंबरची नाही. कोणी पाहुणा आला की साहेब तीच दाखवायचे. मला वाटायचं, माझा धाक आहे. चारही आकडे मीच लिहीत होतो, पण बघत होतो ती सरासरी.

सत्त्याऐंशी साली कॉम्प्युटर आला.

"कोंडाजी, आता पेन्सिल बंद," साहेब म्हणाले. "आलेख मशीन काढणार. ते लावायला शिकलास तर ही खुर्ची तुझी. नाहीतर खोके उचलायला जा."

माझं वय अठ्ठेचाळीस होतं आणि कंबर दुखत होती. मी शिकलो.

मुंबईहून आलेल्या इंजिनियरने आठ दिवस शिकवलं. पडद्यावर एकेक प्रश्न येतो, आपण त्याचा आकडा दाबायचा. एका पानावर आलेख किती, वर नाव काय, पट्टी कितीपासून कितीपर्यंत, वजनं टेबलवार घ्यायची की माणसावार. इंजिनियरने सगळं टेबलवार लावून ठेवलं होतं. तो गेल्यावर मी साहेबांना म्हटलं, "साहेब, माणसावारही होतं. एका पानावर चार आलेख बसतात, प्रत्येकावर नाव. चूक कोणाची ते लगेच दिसेल."

हे मला कोणी विचारलं नव्हतं.

"शाबास!" साहेब म्हणाले. "सोमवारी हेड ऑफिसचे लोक येतायत. तसंच लाव भिंतीवर. जी रेघेबाहेर, ती घरी. रोजावरच आहेत सगळ्या."

शनिवारी दुपारी मी महिन्याची वजनं मशीनमध्ये भरली आणि तीन नंबर माणसावार लावला. पडद्यावर चार चौकोन आले. एकेकीचा डबा म्हणून मशीनने मर्यादा जरा सैल धरल्या होत्या, पंचाण्णव ते एकशेपाच. जनी, हिरू आणि सोनाबाई मधल्या रेघेच्या खाली होत्या, पण मर्यादेच्या आत. गौरा महिनाभर वर. एकशेसहा, एकशेसात, एकशेसात. तिचं एकही टिंब आत नव्हतं.

संध्याकाळी घरी गेलो तेव्हा ती सुकट निवडत होती.

"काय गं, कळंबला भात मोजतेस काय?" मी म्हणालो.

कळंब तिचं माहेर. तिचा बाप भात देताना मापावर शीग ठेवायचा. सपाट माप दिलं तर देणाऱ्याची कणगी रिकामी होते, असं म्हणायचा. मला वाटलं, तीच खोड हिला लागली.

"म्हंजे?"

"तुझ्या डब्यात सात ग्रॅम जास्त. रोज. सोमवारी तुझं नाव भिंतीवर लागनार हाय."

तिनं सूप खाली ठेवलं. "माझ्या एकटीचं?"

"चौघींचं येगळं येगळं. बाहेर तू एकटी."

"आवो, त्या तिघी घाईघाईनं कमीच भरतात. मंग रेघ खाली येते. रेघ खाली आली का साहेब तुमाला बोलतो. म्हनून मी माझ्या डब्यात भर घालते. टिंब खाली दिसलं का जरा जास्त, वर दिसलं का जरा कमी."

"सहा वर्सं?"

"मंग! तुमाला काय वाटलं, आपोआप सरळ चालते?" ती हसली.

तिला अक्षर वाचता येत नव्हतं. रेघ येत होती.

मग माझं तोंड बघून तिचं हसू थांबलं. "पयल्यासारखं टेबलाचं एकच ठेवा ना. मशिनीला जमत नाय का?"

जमत होतं. दोनाच्या जागी एक दाबायचा, की चार चौकोनांचा पुन्हा एक चौकोन.

"नाय जमत," मी म्हणालो. "मशीन हाय ती. कोन कोनाची बायको, ते वळखत नाय."

खुर्ची हे एक कारण. दुसरं कारण, मला तिचा राग आला होता. ज्या रेघेवर मी सहा वर्षं मान ताठ करून फिरलो, ती ही चिमटीनं चालवत होती, आणि वर हसत होती.

सोमवारी सकाळी कागद भिंतीवर लावला. बायका जमल्या. वाचता येणाऱ्या सोनाबाईनं नावं वाचून दाखवली.

"बग गं हिरू," जनी म्हणाली, "लोक बायकोचा फोटू लावतात. यानं बायकोची चूक टांगली."

"आपलं बरं हाय बाय," हिरू म्हणाली, "आपला नवरा काट्यावर नाय."

गौरा पूड भरत राहिली.

अकराच्या सुमारास साहेब पाहुण्यांना घेऊन आले. त्यातल्या एकानं बोट ठेवलं. "ही गौराबाई कोण?"

"माझी बायको, साहेब," मी म्हणालो.

पाहुणे हसले. "मग घरीच समजवायचं होतंस की!"

साहेब गौराकडे वळले. "काय बाई, रोजचे सात सात ग्रॅम कोणाच्या बापाचे?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मी कागदाचा सुटलेला कोपरा दाबून बसवत होतो. त्या तिघी खाली मान घालून उभ्या होत्या. ती एका शब्दानं बोलली असती तर तिघींचंही निघालं असतं. आणि माझंही. तिनं हात झटकले, पदराला पुसले आणि फाटकाबाहेर गेली.

तिच्या जागी दुसरी बाई आली. तीही घाईनंच भरायची. पंधरा दिवसांत टेबलाची सरासरी सत्त्याण्णववर आली, खालच्या रेघेच्या बाहेर. साहेबांनी टेबलाची एकच रेघ मागितली, म्हणून मी आलेख पुन्हा टेबलवार लावला. आणि पट्टी, जी नव्वद ते एकशेदहा होती, ती शून्य ते दोनशे केली. एवढ्या मोठ्या पट्टीवर तीन ग्रॅम दिसत नाहीत. प्रिंटरला तांबडा रंग येत नव्हता. टिंबं आणि मर्यादेच्या रेघा एकमेकींना चिकटून एक जाड काळी रेघ उमटली.

"वा, झाली सरळ!" साहेब म्हणाले. खुर्ची माझी झाली.

गौरा त्या पावसाळ्यात लोकांच्या शेतावर लावणीला जाऊ लागली. पुढच्या वर्षी तिला कावीळ झाली. खालापूरच्या डॉक्टरांचं औषध झालं, पाल्याचं औषध झालं. श्रावणात ती उठेनाशी झाली. एका संध्याकाळी मी कामावरून आलो, पायताण काढत होतो, तेव्हा तिनं विचारलं. वर्षभरात पहिल्यांदाच.

"रेघ कशी हाय वो?"

माझा राग तेव्हाही गेला नव्हता.

"तू टेबलावरनं उठलीस," मी म्हणालो, "आन सरळ झाली."

"बरं झालं," ती म्हणाली. थोड्या वेळानं तिनं भिंतीकडे कूस केली.

त्या दिवशीची टेबलाची सरासरी शहाण्णव होती. सकाळीच मी ती माझ्या हातानं मशीनमध्ये घातली होती. चौथ्या दिवशी गौरा गेली.