दांड्याच्या आत

आता तुम्ही असं करा, पोरांनो. डोळ्यांपुढे एक गोठा आणा. अकरा गुरं, लागून दोन खोल्यांचं घर, भोवती काटेरी कुंपण आणि बाहेर पडायला एकच फाटक. त्या फाटकावर आडवा दांडा ठोकलाय आणि पुढे चुन्याची पांढरी रेघ ओढलीय. रेघेबाहेर गुरांनीही जायचं नाही, माणसांनीही नाही. आणि तुम्ही आत आहात. आजही, उद्याही, परवाही.

मुंगी अशीच आत होती. वय नऊ, अंगानं एवढीशी, पण घडीभर एका जागी बसायची नाही, म्हणून नाव मुंगी. गोठ्यात लाळ्या-खुरकूत शिरला होता. जनावराच्या जिभेला फोड येतात, लाळ गळते, खुरं सुजतात. आणि हा रोग बुटाच्या चिखलाला चिकटूनसुद्धा शेजारच्या गोठ्यात पोचतो. गुरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "ओळीनं एकवीस दिवस आणखी एकही जनावर आजारी पडलं नाही, तरच दांडा निघेल. पडलं, की मोजणी पहिल्यापासून."

एकदा नवव्या दिवशी मोजणी मोडली. एकदा चौदाव्या.

बरं, आत होते फक्त बाप आणि लेक. आई बाळंतपणाला गावातच मावशीकडे गेली आणि तिसऱ्या दिवशी इकडे दांडा पडला. भाऊ झाला, पण मुंगीनं त्याचं नखसुद्धा पाहिलं नव्हतं. त्याचा बाप्तिस्माही अडून राहिला होता. आईनं सांगून टाकलं होतं, "बाप आणि बहीण उभे राहिल्याशिवाय नाही."

रविवारी चर्चमधले पाळक रस्त्याच्या पलीकडे उभे राहून प्रार्थना सांगायचे. अर्धे शब्द वारा घेऊन जायचा.

एका रविवारी मुंगी ओरडली, "पाळककाका, देवाला इतक्या लांबून ऐकू जातं? मला तर तुमचंच धड येत नाही!"

"देवाची काळजी करू नकोस, पोरी! घसा माझा बसलाय!"

"मग तो दांडा का काढत नाही?"

पाळकांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "ते मला नाही ठाऊक. पण तू सकाळी उठून शेण काढतेस ना?"

"काढते. बाबा उठवतात."

"रात्री कंटाळून झोपतेस आणि सकाळी पुन्हा फावडं उचलतेस. धीर तो हाच. येशूवर भरवसा म्हणजे हात बांधून आभाळाकडे बघणं नव्हे, बाळ."

"यांना काय जातंय सांगायला," बाबा पुटपुटले. "शेण मी काढतोय."

कसाबसा एकविसावा दिवस उजाडला. बाबांनी दाढी केली, सदरा झटकून घातला. गुरांची तोंडं तपासायचं काम मुंगीचं, कारण तिचा हात लहान. दहा जनावरं झाली. शेवटी राहिली तांबडी कालवड. मुंगीनं तिचा ओठ उचलला. जिभेच्या कडेला मसुराएवढा फोड, आणि हनुवटीवरून लाळेची तार.

मुंगीनं इकडेतिकडे पाहिलं आणि फ्रॉकच्या टोकानं लाळ पुसून टाकली.

"झालं का गं?" बाबांनी विचारलं.

"झालं."

फाटकाशी सगळे जमले होते. डॉक्टर, पाळक, आणि बऱ्याच मागे, रस्त्याच्या पलीकडे आई. तिच्या हातात दुपट्याचं गाठोडं. डॉक्टर आत येत नसत. त्यांच्याच बुटांनी रोग पुढं गेला असता. त्यांनी कागद काढला. "बोला. नवीन काही?"

"काही नाही," बाबा हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले.

"आधी आभार मानू," पाळक म्हणाले. त्यांनी प्रार्थना केली. धीर दिलास, बापा, शेजारच्या विधवेची एकुलती एक गाय राखलीस, बापा. सगळे 'आमेन' म्हणाले. मुंगीनं फ्रॉकचं ओलं टोक मुठीत धरलं.

डॉक्टरांचं पेन कागदाला टेकलं.

"थांबा," मुंगी म्हणाली. "कालवडीला फोड आलाय. मी त्याची लाळ पुसली."

बाबांचा आवाज चढला. "सकाळीच पाहिलंस? आणि माझ्या तोंडून खोटं वदवलंस?"

"मला बाळ बघायचं होतं."

बाबांनी वर उचललेला हात तसाच डोक्याला लावला. "घ्या! पुन्हा ये रे माझ्या मागल्या!"

डॉक्टरांनी कागदाची घडी केली. "आज पहिला दिवस," ते हळूच म्हणाले. "पोरी, तू बोलली नसतीस तर आठवड्यात अर्ध्या गावाच्या गोठ्यांत रोग शिरला असता."

मुंगीला त्याचं काय! ती आईकडे बघत होती. आई रागावेल, रडेल, निघून जाईल. आईचे डोळे भरले खरे. तिनं नाक ओढलं आणि म्हणाली, "एकवीसच ना? याच्यासाठी नऊ महिने थांबले. तुमच्यासाठी एकवीस दिवस नाही थांबणार? देव काय पळून जातोय?"

"देव नाही, पण माझा धीर पळतोय," बाबा म्हणाले. पण त्यांचा हात मुंगीच्या खांद्यावर येऊन टेकला.

आई वळायला लागली. एवढ्या लांबून बाळाचं नुसतं दुपटं दिसत होतं. तेव्हा मुंगी काय करते? धावत जाऊन पाण्याच्या पिंपावर चढते आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडते,

"आई गं! त्याला जरा रडव ना!"

"काय?"

"रडव! दिसत नाही तर नाही. ऐकू तरी दे!"

आईनं बाळाच्या पायाला हलकेच चिमटा काढला. बाळानं असं भोकाड पसरलं, की गोठ्यातल्या गुरांनी माना वर केल्या.

"बापरे! पाळककाकांपेक्षा मोठा आवाज आहे याचा!" मुंगी टाळ्या पिटत म्हणाली. "पुरे, आता गप्प कर त्याला!"

मग ती पिंपावरून उतरली, बादलीत फोड धुवायचं पोटॅशचं पाणी कालवलं आणि कालवडीचं तोंड धुवायला गेली. कोणी उठवलं नव्हतं, कोणी सांगितलंही नव्हतं.