बांकुड्याची थोर माणसं

इस्त्रीचा कुर्ता डाव्या हातात धरून सौमित्र स्वयंपाकघराच्या दारात उभा होता आणि शुभा कानाला फोन लावून त्याच्याकडे पाठ करून उभी होती. फोनवर ईशान होता, ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडच्या पूजा कमिटीचा सेक्रेटरी. पोरगा भला, पण बोलताना फार आढेवेढे घ्यायचा. काकिमा, गैरसमज नको, काकिमा, प्लीज वाईट वाटून घेऊ नका, असं सगळं झाल्यावर गाडी मुद्द्यावर आली. सौमित्रकाकांचं भाषण यंदा राहू द्यावं का? त्याऐवजी स्क्रीनवर फोटो दाखवू, काका पहिल्या रांगेत आरामात बसतील.

त्यांना विचारून सांगते, असं म्हणून शुभाने फोन ठेवला. वळून बघते तर कुर्ता दोन पावलं पुढे आलेला.

"अगं," सौमित्र म्हणाला.

मार्चमध्ये अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला, घास गिळणं जड झालं आणि वाचाही गेली. त्याला कळायचं सगळं, पण शब्द उरला होता हा एकच. बंगाली गेली, जन्मभर नोकरीत वापरलेलं इंग्रजी गेलं, तिच्या माहेरी ज्याचं कोण कौतुक व्हायचं ते मोडकंतोडकं मराठीही गेलं. राहिलं काय, तर सांगलीला त्याचे सासरेबुवा सासूबाईंना हाक मारायचे ते 'अगं'. चहा हवा, अगं. टीव्ही बंद कर, अगं. आणि आता कुर्ता पुढे करून, मी भाषणाला जाणार, अगं.

सौमित्र बांकुडा जिल्ह्याचा. ह्यूस्टनच्या आसपास बंगाली माणसांना तोटा नाही, पण बांकुड्याचे म्हणावेत असे मोजकेच. दुर्गापूजेत अष्टमीला एकेका जिल्ह्याने आपली थोर माणसं सांगायची, अशी तिथली पद्धत. (पंचांगात अष्टमी कधीही असो, शुगर लँडमध्ये ती शनिवारीच येते.) बाकीचे जिल्हे दरवर्षी वक्ता बदलत. बांकुड्याला सौमित्रशिवाय होतं कोण? बांकुड्याची पाळी शेवटची, जेवणाच्या तोंडावर. तीसेक वर्षं भाषण तेच आणि माणसंही तीच. आधी चित्रकार, मग शिल्पकार, मग विष्णुपूरचे धृपद गाणारे गवई, मग लोकांनी देवी मानून पुजलेल्या माताजी, आणि शेवटी मातीचे घोडे घडवणारे कुंभार. कुंभारांपाशी आला की टेबलावरचा लांब मानेचा घोडा उचलून तो डोक्याच्या वर धरायचा.

घोडा वर गेला की शुभा उठायची. लग्न होऊन आली त्याच वर्षी लुच्या तळणाऱ्या बाई आजारी पडल्या होत्या, आणि महाराष्ट्रातल्या मुलीला पुऱ्या तरी येतच असतील म्हणून तिला कढईपुढे उभं केलं होतं. कणकेऐवजी मैदा घ्यायचा, एवढाच काय तो फरक. तिने त्या अशा टम्म फुगवल्या की पुन्हा तिची सुटका झाली नाही. भाषण संपताच माणसं ताटं घेऊन येणार, म्हणून घोडा दिसला की ती आत जाऊन गॅस पेटवायची. आणि तेल तापतंय न तापतंय तोच हॉलमधून हसण्याचा मोठा गडगडाट यायचा.

तो गडगडाट तिच्या जिव्हारी लागे. आपला माणूस पोटतिडकीने आपल्या मातीची माणसं सांगतो आणि ही शिकलीसवरली मंडळी त्याला हसतात, याची तिला चीड यायची. त्याचीही लाज वाटायची, खोटं कशाला बोला. परत येताना गाडीत ती दरवर्षी चिडचिड करायची, की आटोपतं घेत जा जरा, लोक हसतात तुला. स्टिअरिंगवर ताल धरत तो म्हणायचा, हसू देत की, भूक लागलेली असते त्यांना.

म्हणून ईशानचा फोन आला तेव्हा तिच्या मनात आधी आलं ते हेच, की बरं झालं, सुटलो. धडधाकट माणसाला हसले ते आता याला काय सोडणार? तिने फ्रिस्कोला लेकीला, निधीला फोन लावला. निधी म्हणाली, "आई, let him do it ना. बाबांच्या स्पीचचा एंड तर बेस्ट असतो."

"हो, संपतं म्हणून," शुभा म्हणाली. निधी हसली. तिला मीटिंग होती, तिने फोन ठेवला.

सौमित्र अजून तिथेच उभा होता. कुर्त्याची घडी त्याच्या मुठीत चुरगळली होती. शुभाने त्याच्या हातातून कुर्ता घेतला, पुन्हा इस्त्री केली आणि ईशानला कळवून टाकलं, की काका उभे राहतील आणि बोलेन मी. घरी तो सराव करायचा, त्यामुळे भाजी चिरताना, चपात्या लाटताना ते भाषण तिने इतकं ऐकलं होतं की तिला ते पाठ होतं. हसायचंच असेल तर दोघांना हसा म्हणावं.

शनिवारी हॉल गच्च भरला होता. सौमित्र स्टेजवर टेबलाला टेकून उभा राहिला, शुभा माइकपाशी. तिची बंगाली म्हणजे सांगलीच्या वळणाची, पण तिने ती रेटून नेली. चित्रकार झाले, शिल्पकार झाले, गवई झाले. एकेक नाव आलं की सौमित्र मान हलवायचा, पुढे हो म्हणून. कुणी हसलं नाही. माताजींचं सांगून झाल्यावर ती घोटभर पाणी प्यायली. मग कुंभार आले आणि सौमित्रने डाव्या हाताने घोडा उचलला.

कुंभारांचं सांगून तिने हात जोडले. टाळ्या झाल्या. संपलं एकदाचं, असं म्हणून ती त्याचा दंड धरायला गेली, तर हा हलेना. घोडा तसाच वर.

"अगं," तो समोर बघत म्हणाला. मग पुन्हा, जोर लावून, "अगं."

"झालं रे सगळं. चल," ती हलकेच म्हणाली. त्याने मान हलवून नकार दिला. कशाला आणलं मी याला इथं, तिला झालं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या सुलेखादी, मंडळातल्या सगळ्यात वयस्कर, काठी टेकत उठल्या. "त्याचं राहिलंय अजून," त्या म्हणाल्या, "सहावं माणूस राहिलंय."

शुभा बघतच राहिली. सहावं कोण?

सुलेखादींनी सौमित्रसारखा हात वर केला आणि सौमित्रच्याच ठसक्यात सुरू झाल्या, आणि दुसऱ्या शब्दापासून सगळा हॉल त्यांच्याबरोबर बोलू लागला. म्हातारेकोतारे, इथेच जन्मलेली पोरं, मागे दाराशी उभा ईशान, सगळ्यांना पाठ. "आणि बांकुड्याचं सहावं थोर माणूस बांकुड्यात जन्मलंच नाही. ते सांगलीचं. या घटकेला ते आत लुच्या तळतंय. ज्यांना गरम हव्यात, त्यांनी उठा!"

आणि तो गडगडाट झाला. तोच, दरवर्षी दाराआडून यायचा तो. सवयीने अर्धी माणसं ताटाकडे जायला उठलीसुद्धा, मग शुभा स्टेजवरच आहे हे लक्षात येऊन खाली बसली.

"तुला ठाऊक नव्हतं?" सुलेखादींनी खालूनच विचारलं. शुभाने सौमित्रकडे पाहिलं. तीस वर्षं गाडीत बोलणी खाल्ली या बाबाने, आणि एका शब्दाने सांगितलं नाही. आता सांग म्हटलं तर सांगणार कशाने?

सौमित्रने घोडा खाली घेतला आणि त्याचं तोंड स्वयंपाकघराच्या दाराकडे वळवलं.

"अगं."

"जाते," ती म्हणाली.

आत कुणी नव्हतं. लाटलेल्या लुच्या ओल्या फडक्याखाली होत्या. कढईतलं तेल थंडगार, कारण गॅस नेहमी तीच पेटवायची. तिने तो पेटवला, पदराने डोळे पुसले आणि तेल तापायची वाट बघत उभी राहिली. बाहेर रांग लागली होती, आणि कुणी घाई करत नव्हतं.

पहिली लुची फुगली. तिने ती बशीत काढली, निवू दिली, आणि त्याला गिळता येतील एवढे तिचे बारीक तुकडे केले.