मका धुतला, हात नाही

"मेले! सगळेच मेले हो!" पहिल्या रांगेतल्या शिंपीणबाई ओरडल्या आणि सभागृहातल्या खुर्च्या एकदम करकरल्या. जो तो टेबलाकडे धावला.

टेबलावर मक्याच्या दोन बरण्या होत्या. आठ दिवसांपूर्वीच्या सभेत सरांनी सगळ्यांदेखत दोन्हींत वीस-वीस सोंडकिडे सोडले होते आणि तोंडाला मलमल बांधून गाठींवर लाख लावली होती. आज 'शुद्ध' अशी चिठ्ठी लावलेल्या बरणीत किडे मजेत हिंडत होते. 'जनुक बदललेला' लिहिलेल्या बरणीत वीसच्या वीस उताणे.

"किड्याला कळतं, माणसाला कळत नाही," सर हळू आवाजात म्हणाले. ते कधी ओरडत नाहीत, म्हणून तर लोकांना पटतं. "जनुकात हात घातला की विष तयार होतं. मग तो मका असो की तुमचं इन्सुलिन. तेही जनुक बदललेल्या जंतूंकडूनच करून घेतात. खोटं सांगतोय का?"

जंतूंचं खोटं नव्हतं. त्यांच्या बोलण्यातलं नेमकं तेवढंच खरं होतं.

माझ्या शेजारी ताई बसली होती, माझी थोरली बहीण. ओठ सुकलेले, मांडीवर पाण्याची तिसरी बाटली. सरांचं ऐकून तीन दिवस तिनं इन्सुलिन घेतलं नव्हतं. मला ते आज सकाळी कळलं, तिच्या फ्रीजमध्ये दूध ठेवताना इन्सुलिनची बाटली तशीच भरलेली दिसली तेव्हा. दवाखान्यात चल म्हटलं, तर म्हणाली, "आधी बरण्या बघू."

आता तिनं मला कोपरानं डिवचलं. "पटलं ना? तुझेच सर आहेत."

माझेच. चौथीत शाळा सुटलेल्या मला, मी कामाला असलेल्या बियाण्याच्या गोदामात, जेवणाच्या सुट्टीत, पोत्यावर बसवून वाचायला शिकवलं ते यांनीच. "पोरी, कुणी काही सांगितलं की आधी विचारायचं, कशावरून?" हेही त्यांचंच. म्हणून तर महिन्यापूर्वी "प्रयोगाला थोडा मका दे गं" म्हणाले, तेव्हा मी चाचणीसाठी आलेल्या जनुक बदललेल्या मक्याचं, फाटक्या पोत्यातलं बियाणं हौसेनं नेऊन दिलं. वर बजावलं, "पेरायचं बियाणं आहे, सर. कीटकनाशकाचा लेप आहे. हात धुवा."

तो लेप गुलाबी असतो, कुणी चुकून खाऊ नये म्हणून. वीस वर्षं झाली, माझ्या नखांतून निघालेला नाही.

सरांच्या बरणीतला मका मात्र पिवळाधमक होता. फक्त दाणा जिथे कणसाला चिकटतो, त्या टोकाशी बारीकशी गुलाबी रेघ. मागच्या सभेतच मला ती दिसली होती. त्याच दिवशी मी घरी दोन बरण्या मांडल्या. किडे काय, आमच्या गोदामात मागाल तेवढे. रोज बघायचे आणि मनात म्हणायचे, माझंच चुकू दे.

मी उठले. पिशवीतून बरण्या काढल्या. "सर, ह्याही मांडू?"

"मांड की, पोरी." हसले. पण हात टेबलावरून मागे गेला.

"ह्यात जनुक बदललेलाच मका आहे, फक्त लेप लावायच्या आधीचा. बघा, किड्यांनी संसार थाटलाय." लोक हसले. "आणि हा साधा मका. जनुकाला कुणी हात लावलेला नाही, पण लेप लावलेला."

शिंपीणबाईंनी चष्मा सावरला. "ह्यातले मेलेत की गं!"

"लेपानं मेले. सरांच्या दोन बरण्यांत फरक दोन होते. त्यांनी सांगितला एकच."

"लेपाचं मला काय ठाऊक?" सर म्हणाले.

"मी सांगितलं होतं, हात धुवा म्हणून. तुम्ही मका धुतलात. टोकाची गुलाबी रेघ तेवढी राहिली."

सर माझ्याजवळ आले, पुटपुटले, "उद्देश वाईट नव्हता गं. कंपन्या लोकांना गिळतायत. नुसतं सांगून कुणी ऐकतं का?"

"मी ऐकलं होतं, सर. पोत्यावर बसून. तेव्हा बरणी लागली नव्हती."

"मग हा मका चांगलाच म्हणायचा?" मागून कुणीतरी विचारलं.

"तेही ह्या बरण्यांवरून ठरत नाही. प्रत्येक बियाणं वेगळं तपासा, कंपन्यांना खुशाल जाब विचारा. पण उद्या हा मका वाईट निघाला, तरी इन्सुलिन वाईट ठरत नाही. चुलीवरचं एक पातेलं करपलं म्हणून त्या चुलीवरचं सगळंच विष म्हणाल का?"

ताई खुर्चीला धरून उठली. सरांकडे न बघता म्हणाली, "रिक्षा बोलाव."

दवाखान्यात तिच्या बोटाला टोचल्यावर साखरेचा आकडा बघून डॉक्टरीणबाईंनी आधी सलाईन लावलं, मग इन्सुलिन. संध्याकाळी ताईनं डोळे उघडले. माझी नखं हातात घेऊन बघत राहिली. "तुझ्यावर नव्हता एवढा माझा तुझ्या सरांवर विश्वास होता गं."

"माझाही," मी म्हटलं.

म्हणून सांगते. कुणी तुमच्यासमोर दोन बरण्या ठेवल्या, तर तिसरी मागा, चौथीही मागा. ठेवणारा परका असेल तर मागाच. आपला असेल तर आधी मागा.